कुपवाडची प्लेट, मालवणचं पाणी: कमी खर्चात बॅकप्लेट-विंग जमवण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

स्कूबा डायव्हिंगचा सिलिंडर पाठीवर धरणारा साज स्वतःच्या मापाचा जमवल्याची ही हकिकत. ती ज्यांची आहे त्यांना इथं नुसतं ‘बाई’ म्हणतो. शाळेतही सगळे त्यांना बाईच म्हणतात. सांगलीत विश्रामबागला घर, हायस्कूलला विज्ञान शिकवतात, वय चाळिशीच्या आगेमागे. उंची पाच फुटांना बोटभर कमी, वजन ४९ किलो. ही दोन मापं लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यांच्यावरच फिरतं. त्यांच्या परवानगीनं आणि ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून हे लिहितोय.

मी मूळचा साताऱ्याचा. ऑक्टोबर ते मे मालवणला डायव्हर मंडळींना पाण्याखाली नेणं हे माझं काम. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की घरी येतो. बाईंनी स्कूबाचा पहिला कोर्स मालवणलाच केला, नंतर पुढचाही केला. या प्रकरणाची सुरुवात झाली तेव्हा त्यांच्या वहीत २६ डायव्ह होत्या: बहुतेक सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आठ-दहा मीटरवरच्या, काही मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावरच्या. प्रत्येक डायव्हचं त्या लिहून ठेवतात: किती शिसं (बुडायला अंगावर बांधतात ते वजन) लावलं, किती हवा उरली, काय खटकलं. त्या वहीमुळेच हे प्रकरण इतकं नीट सांगता येतंय.

अडचण काय होती

वहीत एक ओळ पुन्हा पुन्हा आली होती: ‘जॅकेट वर सरकलं.’

डायव्हरचं जॅकेट म्हणजे सिलिंडर पाठीला धरणारं आणि हवा भरून तरंगवणारं जॅकेट. भाड्याची जॅकेटं बहुतेक मध्यम आणि मोठ्या मापाची असतात. लहान माप असलंच तर एखादं, आणि तेही आधी कुणीतरी घेतलेलं. बाईंना मध्यम जॅकेट मिळायचं. जमिनीवर पट्टे आवळले की बरं वाटायचं, पण पाण्यावर येऊन हवा भरली की जॅकेट कानापर्यंत चढायचं, पुढचे फुगे बरगड्या दाबायचे आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह डोक्याला मागून लागायचा. पाण्याखाली सिलिंडर पाठीवर डावी-उजवीकडे झुकायचा. त्याला सावरायला त्या पाय खाली सोडायच्या, आणि पाय खाली गेले की फिन्सनी वाळू उडायची. मालवणच्या पाण्यात आधीच फार लांबचं दिसत नाही. मागून येणाऱ्याला तर काहीच दिसायचं नाही.

शिसं ६ किलो लागायचं. ४९ किलोच्या माणसाला, ३ मिलिमीटरच्या फोमरबरी सूटमध्ये, हे जास्तच. त्यातलं काही तर जॅकेटच्या आतल्या स्पंजलाच बुडवायला जात होतं.

एप्रिलमध्ये नेत्राणीहून परत येताना त्या मला म्हणाल्या, ‘सर, मला पोहता येतं, श्वास शांत असतो, मग मी पाण्यात एवढी धडपडते का?’ मी सांगितलं, तुमचं काही चुकत नाही, सामान तुमच्या मापाचं नाही. तिथून बॅकप्लेटचा विषय निघाला.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बॅकप्लेट म्हणजे पाठीवर बसणारी, मधोमध नाळीसारखी वाकवलेली धातूची प्लेट. तिच्यातून एकच लांब, दोन इंची पट्टा ओवलेला असतो. तोच दोन्ही खांद्यांवरून येतो आणि कमरेला बकलात अडकतो. मांड्यांमधून एक पट्टा पुढं येतो, त्यामुळे सगळा साज वर सरकत नाही. प्लेट आणि सिलिंडर यांच्यामध्ये हवेची पिशवी असते, ती विंग. छातीवर, पोटावर काहीच फुगत नाही. फ्लोरिडातल्या पाण्याखालच्या गुहांत जाणाऱ्या मंडळींनी ही रचना घडवली. त्यांच्यातल्या विल्यम होगार्थ मेन यांच्या नावावरून या साध्या मांडणीला आजही होगार्थियन म्हणतात. प्लेटच्या दोन मुख्य भोकांतलं ११ इंचांचं अंतरही त्यांच्या जोडसिलिंडरच्या बोल्टांवरून आलं आणि जगभर तेच राहिलं.

समोर असलेले पर्याय

बाईंनी खर्चाची मर्यादा आधीच घातली होती: ३५ हजार, त्यापुढं नाही.

भाड्याचंच चालू ठेवणं हा पहिला पर्याय. तो दिसतो तेवढा वाईट नाही, कारण स्वतःचं जॅकेट नेलं म्हणून डायव्हचे पैसे फारसे कमी होत नाहीत. बाईंनी दोन ठिकाणी विचारलं. एकानं थोडेसे कमी केले, दुसऱ्यानं काहीच नाही. म्हणजे ‘भाडं वाचेल’ हा हिशेब इथं लागूच पडत नव्हता. प्रश्न मापाचा होता.

लहान मापाचं नवं जॅकेट घेता आलं असतं. पण दुकानात त्यांना जे मिळत होतं ते घालून पाहायची सोय नव्हती, मागवायचं आणि नशिबावर सोडायचं.

नावाजलेल्या कंपनीचा पूर्ण बॅकप्लेट-विंग संच एका भारतीय विक्रेत्याकडे ५२ हजारांना होता. प्लेट ठरावीक उंचीची, साधारण ३८ सेंटिमीटर. मी पुठ्ठ्याचा तेवढा तुकडा बाईंच्या पाठीला लावला तर खालची कड माकडहाडावर टेकत होती.

मग परदेशी संकेतस्थळावरचा बिननावाचा स्वस्त संच. बाईंच्या यजमानांचा कल तिकडं होता. सीमाशुल्क आणि जीएसटी धरूनही तो निम्म्यात येत होता. मी इथं स्पष्ट नाही म्हणालो. प्लेट बिननावाची चालेल, पोलाद ते पोलाद. पण विंगच्या आतली पिशवी कशानं जोडलीय, इन्फ्लेटरचं (सिलिंडरमधली हवा विंगमध्ये भरणाऱ्या नळीचं) बटण दाबून सोडल्यावर परत वर येतं का, सुटे भाग मिळतात का, यातलं काहीच कळत नव्हतं. बटण अडकलं तर विंग आपोआप फुगत राहते आणि माणूस फेकल्यासारखा वर जातो. तिथं पैसे वाचवायचे नाहीत.

एक मोह आणखी होता. कोल्हापूरकडच्या एका डायव्हरकडे जोडसिलिंडरची मोठी विंग पडून होती, २० किलो उचलणारी, आणि तो ती ९ हजारांना द्यायला तयार होता. बाई म्हणाल्या, ‘जास्त उचल म्हणजे जास्त सुरक्षित ना?’ मी त्यांना वहीतच आकडे मांडायला लावले.

आपल्याकडचा नेहमीचा ११.१ लिटरचा अॅल्युमिनियमचा सिलिंडर २०७ बारला (बार हे हवेच्या दाबाचं माप) भरला की समुद्रात पाऊण किलोच्या आसपास जड असतो. आतली हवाच अडीच किलोची असते. ती संपत आली की तोच सिलिंडर दीड-पावणेदोन किलोनं वर उचलायला लागतो. डायव्हच्या शेवटी बुडालेलं राहता यावं म्हणून शिसं लावायचं, म्हणजे सुरुवातीला तुम्ही तेवढ्या हवेच्या वजनानं जड असणारच. शिवाय खोलवर सूट दबून त्याची दीड-दोन किलोची उचल जाते. एकूण साडेचार किलो. आता दुसरा हिशेब: साज अंगावरून काढून पाण्यावर सोडला तर तो एकटा तरंगायला हवा. सिलिंडर, रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतात ते), प्लेट, कड्या आणि पट्ट्यावरचं थोडं शिसं मिळून पुन्हा पाचच्या आतच. १३ किलो उचलणारी विंग म्हणजे दुपटीहून जास्त. वीसची विंग एका सिलिंडरभोवती भाकरी दुमडावी तशी दुमडते, घडीत हवा अडकते आणि सोडायच्या वेळी बाहेर येत नाही.

बाईंनी ९ हजारांच्या विंगवर स्वतःच काट मारली.

काय केलं

ठरलं ते असं: ज्यात हवा राहते ते सगळं नवं आणि नावाजलेलं घ्यायचं. ज्यात हवा नाही ते सांगलीतच करायचं.

सांगलीत हे जमण्यासारखंच होतं. कुपवाड औद्योगिक वसाहतीत लेझर कटिंग होतं, बेंडिंग होतं, आणि दुधाच्या टाक्या बनवणारी, स्टेनलेस स्टीलमध्ये आयुष्य घालवलेली माणसं आहेत. बाईंच्या एका माजी विद्यार्थ्याच्या ओळखीनं असेच एक मिस्त्री मिळाले. त्यांनी डायव्हिंग पाहिलेलं नव्हतं, पण पहिल्याच भेटीत नेमकं विचारलं, ‘बाई, खाऱ्या पाण्यात जाणार न्हवं? मग ३०४ नको, ३१६ घ्या. किलोमागं जास्त पडंल, पण एकदाच पडंल.’ हे दोन्ही स्टेनलेस स्टीलचे प्रकार. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, म्हणून मिठाच्या पाण्यात त्याला बारीक खड्डे लवकर पडत नाहीत. बाजारातल्या कितीतरी प्लेटी ३०४ च्या असतात आणि धुऊन ठेवल्या तर टिकतातही. पण एवढ्याशा तुकड्याला फरक काही शेकड्यांचा होता. ३१६ घेतलं, ३ मिलिमीटर जाडीचं.

अॅल्युमिनियम की स्टील यावर एक संध्याकाळ गेली. देशांतर्गत विमानाला बहुतेक वेळा १५ किलोच सामान नेता येतं, तिथं प्रत्येक किलो टोचतो. पण बाईंच्या दहापैकी नऊ डायव्ह गाडीनं जाऊन होतात, घाट उतरून. गाडीत प्लेटचं ओझं नाही आणि पाण्यात तीच शिशाचं काम करते. म्हणून स्टील.

इथपर्यंत सगळं बरोबर चाललं होतं. चूक झाली ती क्रमात.

विंग यायला तीन आठवडे लागणार होते. पाऊस सुरू झाला होता, मिस्त्रींकडं काम कमी होतं, सगळ्यांना घाई होती. बाईंनी इंटरनेटवरच्या एका आकृतीवरून मापं घेतली, पाठीला बसावी म्हणून प्लेटची उंची ३८ वरून ३३ केली आणि त्या प्रमाणात पट्ट्याच्या खाचाही वर सरकवल्या. मी साताऱ्यात होतो. फोनवर आकृती पाहिली आणि ‘छान’ म्हणालो. ते छान म्हणणं माझी चूक होती, बाईंची नव्हे.

विंग आल्यावर कळलं. सिलिंडर बांधायचे दोन पट्टे आधी विंगच्या खाचांतून आणि मग प्लेटच्या खाचांतून जातात. विंगच्या खालच्या खाचा प्लेटच्या खाचांपेक्षा ४ सेंटिमीटर खाली येत होत्या. पट्टा ओढून घातला तर विंगचं कापड चुरगळून वर यायचं. तशी ती वापरली असती तर शिवणीवर कायमचा ताण राहिला असता. विंग बदलणं महाग, प्लेट बदलणं स्वस्त. दुसरी प्लेट करायची ठरली.

या वेळी बाईंनी वह्यांच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घेतला. त्यावर विंग ठेवून खाचा पेन्सिलीनं उमटवल्या, ११ इंचांची भोकं मध्यापासून मध्यापर्यंत मोजली आणि पुठ्ठा पाठीला बांधून घरात खाली वाकून, हात मागं नेऊन पाहिलं. उंची फक्त कमरेच्या खाचांखालून कमी केली, वरचं काही हलवलं नाही. ३४ सेंटिमीटर. तो पुठ्ठा घेऊन त्या कुपवाडला गेल्या. मिस्त्रींनी पुठ्ठा उन्हाकडं धरून पाहिला आणि म्हणाले, ‘आता कळलं. आधीच असं दावायचं.’

खाचांच्या कडांची गोष्ट थोडी सावकाश सांगतो, कारण घरी करणारे इथंच फसतात. लेझरनं कापलेल्या खाचेची धार बोटाला लागत नाही, पण पट्ट्याला लागते. शेकडो वेळा घासून पट्टा तिथंच कुरतडला जातो. बाईंनी देवघरातला वातीचा कापूस आणला आणि प्रत्येक खाचेच्या आतून, दोन्ही बाजूंनी, हळूहळू फिरवला. जिथं कापसाचा तंतू अडकला तिथं खडूनं खूण. सोळा जागा निघाल्या. मिस्त्रींच्या मुलानं त्या गोल कानशीनं घासल्या, पुन्हा कापूस, पुन्हा तीन जागा, पुन्हा कानस. चौथ्या फेरीला कापूस लोण्यातून जावा तसा गेला.

पट्ट्याच्या बाबतीत आमचा ‘हवा नाही ते सांगलीत’ हा नियम फसला. बॅगा शिवणाऱ्याकडून दोन इंची पट्टी आणली, २४० रुपयांत सगळं झालं. पण ती मऊ होती, कडीत आवळली तरी सरकायची. शंका आली म्हणून बाईंनी एक तुकडा कापून बादलीत टाकला. तो तरंगला. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं, नायलॉन बुडतं. तुकडा बुडाला असता तरी मऊ पट्टी चालली नसतीच, पण त्या तरंगणाऱ्या तुकड्यानं वाद मिटवला. मग विंगच्याच विक्रेत्याकडून ताठ नायलॉनचा पट्टा, स्टीलच्या कड्या आणि बकल मागवलं.

विंग आल्या दिवशीच तपासली. तोंडानं आणि मग सायकलच्या पंपाला नळी जोडून ती टणक फुगवली आणि अंगणातल्या हौदात बुडवून धरली. खालच्या डंप व्हॉल्व्हमधून (हवा सोडायच्या झडपेतून) मोहरीएवढे बुडबुडे येत होते. व्हॉल्व्ह उघडून पाहिला तर रबराच्या बैठकीवर दोऱ्याचा एक बारीक तंतू. तो काढला, पुन्हा फुगवली, रात्रभर माजघरात ठेवली. सकाळी तशीच टणक. नवी वस्तू आहे म्हणून हे टाळू नका.

पाण्यात काय झालं

ऑक्टोबरमध्ये मालवण. पहिली डायव्ह मुद्दाम सहा मीटरवर, वाळूच्या तळाशी, फक्त वजन आणि तोल बघायला. प्लेट २ किलोची, पण पाण्यात तिचं वजन १.७ किलोच भरतं. स्पंजचं जॅकेट गेलं, स्टील आलं. ६ किलोच्या जागी ३ किलो शिसं पुरलं. ५० बार उरले असताना विंग पूर्ण रिकामी करून त्या तीन मीटरवर स्थिर राहिल्या. मी हाताच्या अंतरावर होतो. त्यांचे डोळे मास्कमधून हसत होते, ते विसरणार नाही.

पाय तरी थोडे खालीच होते. दुसऱ्या डायव्हला कमरेच्या ३ किलोतला एक किलो वरच्या सिलिंडरपट्ट्यावर नेला आणि शरीर आडवं झालं. तिन्ही किलो वर न्यावे का, यावर आमचा वाद झाला. तोल आणखी छान झाला असता. पण डायव्हच्या सुरुवातीलाच विंग फाटली तर टाकून देता येईल असं काहीतरी कमरेला हवंच, हे माझं ठाम मत होतं आणि आहे. दोन किलो कमरेला राहिले.

दोन अडचणी नव्या आल्या. पाण्यावर येऊन सवयीनं विंग पूर्ण फुगवली की ती तोंडावर पाडायला बघायची. थोडीच हवा भरून मागं रेलायचं, हे अंगवळणी पडायला चार-पाच डायव्ह गेल्या. दुसरी जास्त गंभीर. बोटीवर चढण्याआधी साज पाण्यातच काढून वर द्यायचा असतो. बाईंनी खांद्याचे पट्टे जॅकेटच्या सवयीनं घट्ट लावले होते. एकसंध पट्ट्यात आयत्या वेळी सैल करायला काही नसतं. लाटेत डावा हात कोपराशी अडकला. मी आणि बोटीवरचा पोरगा होतो म्हणून दोन मिनिटांत सुटला. संध्याकाळी खांद्यांत प्रत्येकी दोन सेंटिमीटर पट्टा सोडला. आता पट्ट्याखालून उभी मूठ जाते. दुसऱ्या दिवशी हात सहज निघाला. खांद्याला सुटणारं प्लॅस्टिकचं बकल लावायचा विचार झाला होता, तो गरज नाही म्हणून सोडला.

तिसऱ्या दिवशी प्लेटच्या वाकवलेल्या कडेला तांबूस ओघळ दिसले. ३१६ ला गंज? बाई खचल्या, ३१६ म्हणून दुसरंच काही दिलं की काय अशी शंकाही त्यांना आली. कुपवाडला प्लेट दाखवली तर मिस्त्रींनी नख फिरवून पाहिलं आणि मुलाकडं वळले, ‘ह्यो लोखंडाचा ब्रश मारलास का रं? दुधाच्या टाकीला मारतोस का कधी?’ साध्या लोखंडावर वापरलेल्या ब्रशचे कण स्टीलमध्ये रुतून बसले होते आणि तेच गंजत होते. त्यांनी स्वतः, जाड हातमोजे आणि चष्मा घालून, रुतलेले कण खाऊन टाकणारी पिकलिंगची पेस्ट लावली आणि भरपूर पाण्यानं धुतली. त्या पेस्टमध्ये हाड जाळणारं आम्ल असतं, घरी हात लावू नका. त्यानंतर १९ डायव्ह झाल्या, डाग परत आलेला नाही. पैसे त्यांनी घेतले नाहीत.

खर्चाचा हिशेब

विंग १९,५००. सिलिंडरचे दोन पट्टे ३,२००. नायलॉनचा पट्टा, कड्या, बकल ४,८००. पहिली प्लेट ३,४००, दुसरी २,६०० (मिस्त्रींनी मजुरी निम्मी धरली). वाया गेलेली पट्टी २४०. एकूण ३३,७४०. चुका झाल्या नसत्या तर तीस-एकतीस हजारांत भागलं असतं.

आज करायचं तर काय वेगळं

विंग हातात येईपर्यंत प्लेट कापायची नाही. एवढं पाळलं असतं तरी दुसरी प्लेट करावी लागली नसती. आमच्या क्रमात स्वस्त वस्तू आधी आणि महाग वस्तू नंतर आली. ते उलटं हवं होतं, कारण जी वस्तू बदलता येत नाही तिच्यावरून बाकीचं बेतायचं असतं.

मी साताऱ्याहून सांगलीला यायला हवं होतं. फोनवर आकृती बघून खाचा कळत नाहीत.

काम देताना मिस्त्रींना ‘दुधाच्या टाकीसारखं’ एवढं एक वाक्य सांगितलं असतं तर वेगळा ब्रश, वेगळं चाक आपोआप आलं असतं. त्यांना ते सगळं ठाऊक होतं. आम्ही प्लेटकडं फॅब्रिकेशनचा एक तुकडा म्हणून पाहिलं, त्यांनीही तसंच पाहिलं.

आणि साज काढायचा सराव पहिल्याच उथळ डायव्हला, मऊ लाटेत, मुद्दाम करून घ्यायला हवा होता. वजन आणि तोल यांच्या नादात तो राहिला. यात दोष पूर्ण माझा. बाईंनी विचारलं होतं, ‘काढायचं कसं ते दाखवता का?’ आणि मी म्हणालो होतो, उद्या बघू.

एका गोष्टीवर आमचं अजून एकमत नाही. बाईंना वाटतं, लहान चणीच्या प्रत्येकीनं थेट इकडं वळावं. मला वाटतं, आधी वीस-पंचवीस डायव्ह भाड्यावर कराव्यात, म्हणजे काय खटकतं ते वहीत उतरतं. नेमकं काय बिघडतंय ते बाईंना माहीत होतं, म्हणूनच ३४ सेंटिमीटरची प्लेट जमली.

फेब्रुवारीत बाई अंदमानला जाणार आहेत, विमानानं. त्यासाठी त्याच पुठ्ठ्यावरून अॅल्युमिनियमची प्लेट कापायला दिलीय, ४ मिलिमीटर जाडीची, किलोच्या आतच भरेल. ६०६१ प्रकारचं अॅल्युमिनियम वाकवताना चिरतं म्हणून मिस्त्रींनी ५०५२ ची शीट मागवलीय. पुठ्ठा आता त्यांच्याच भिंतीवर, खिळ्याला टांगलेला असतो.